टेपवाडीची अडतीस मिनिटं

वासंती धुळपला डोंगर कळायचा, माणसं कळायची, पण यंत्राचं गणित तिनं कधी मनावर घेतलं नाही. खरं सांगायचं तर अख्ख्या सावरघाट तालुक्यात ते कुणीच मनावर घेतलं नव्हतं. यंत्राचं नाव ‘समन्वय’. ते दिल्लीहून चालायचं म्हणत. इथं तहसील कचेरीच्या नियंत्रण कक्षात त्याचा भिंतभर पडदा होता आणि एक शांत बायकी आवाज होता. त्या आवाजामुळं वाड्यांवरची माणसं त्याला ‘मोठी बाई’ म्हणायला लागली. धाकटी बाई म्हणजे वासंती. तिला त्याचा राग यायचा नाही, उलट बरंच वाटायचं.

‘हातभार’ या मदतसंस्थेत तिची तेवीस वर्षं गेली होती. समन्वय येण्याआधीचे दिवस तिनं भोगले होते. दरड कोसळली की डांबरी रस्त्यालगतच्या गावात सात संस्थांची ब्लँकेटं येऊन पडायची, एकेका घरात दहा-दहा, आणि वर डोंगरातल्या वाडीत चौथ्या दिवसापर्यंत पाण्याची बाटली पोहोचायची नाही. सरकार म्हणायचं, संस्था आमचं ऐकत नाहीत. संस्था म्हणायच्या, सरकार फोन उचलत नाही. गंमत अशी की दोघंही खरंच बोलत असायचे. नायब तहसीलदार अन्सार मुकादम आणि वासंती यांचं तर एका पुरात एका ट्रकवरून इतकं वाजलं, की पुढं वर्षभर दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं.

समन्वयनं ही भांडणं संपवली. एका वाडीला एकच संस्था. एसटीच्या गाड्या, संस्थांचे ट्रक, खासगी टेम्पो, सगळे एका हुकमाखाली. आपत्तीच्या दिवशी नाक्यावरचा दांडा यंत्राच्या परवान्याशिवाय वर जायचाच नाही, मग गाडीत बसलेला कलेक्टर का असेना. मुकादम आणि वासंती आता दुपारी एकत्र डबा खायचे.

डोंगर एकदम कोसळतो असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. पावसाचं पाणी मुरत मुरत कातळापर्यंत जातं, वरची माती जड होते, आणि कोसळण्याआधी कितीतरी तास ती केसभर, अर्धा केस अशी सरकत असते. डोळ्याला ते दिसत नाही. पण इंटरनेटसाठी रस्त्याच्या कडेनं पुरलेली काचतंतूंची केबल असते ना, तिला ते कळतं. तिच्यातून प्रकाशाचा एक ठोका सोडला की वाटेतल्या हातभर-हातभर टप्प्यावरून त्यातला थोडा प्रकाश मागं परततो. जिथं माती ताणते तिथं काचही ताणते, आणि परतणारा प्रकाश बदलतो. म्हणजे डोंगराच्या पोटाला मैलोन् मैल कान लावून बसल्यासारखंच झालं. त्या बळावर समन्वय सहा-सात तास आधी सांगू लागलं, की अमुक उतार आज जाण्याची शक्यता आहे.

सहा तास म्हणजे पुष्कळ, असं आधी सगळ्यांना वाटलं. पण तेवढा पाऊस झाला की एकट्या-दुकट्या उताराचं ते काम नसतं. एकाच दिवशी एकोणीस वाड्यांवरचे उतार हलायला लागतात, आणि गाड्या असतात चौदा. शिवाय वाडीखालचा रस्ताही त्याच उताराखाली येतो, म्हणून गाडी आल्याशिवाय वाडी सोडायची नाही असा दंडक. मग आधी कुणाकडं जायचं? समन्वयचं उत्तर साधं होतं. ज्या वाडीला बाहेर पडायला जास्त वेळ लागतो तिथं गाडी आधी. ज्यांना कमी लागतो ते थांबू शकतात. आणि कुणाला किती वेळ लागतो, ते सरावावरून ठरायचं. पावसाळ्यात एकदा प्रत्येकाच्या मनगटाला एक पट्टा बांधायचा, भोंगा वाजवायचा, आणि सगळे पट्टे निवारा केंद्रात पोहोचेपर्यंतची मिनिटं मोजायची. प्रशिक्षणात हे सगळं सांगितलं होतं. पण ते इंग्रजीत होतं, आणि जेवणानंतर होतं.

त्या वर्षी सरावाची तारीख दिल्लीहून आली ती नेमकी लावणीच्या ऐन घाईत. हातभारकडं अकरा वाड्या होत्या. वासंतीनं दहा ठिकाणी माणसं पाठवली आणि टेपवाडीला स्वतः गेली. टेपवाडी म्हणजे तिचं माहेरच म्हणा. जुन्या दरडीच्या वेळी तीन महिने ती भागोजी उतेकराच्या पडवीत राहिली होती, आणि त्याच्या बायकोनं, अनसूयानं, तिला पाठच्या बहिणीसारखं सांभाळलं होतं. भागोजी गावकीचा प्रमुख. त्यानं वासंतीला चहा दिला आणि शेताकडं बोट दाखवलं.

“ताई, रोपं पिवळी पडाय लागलीत. आज मानूस हलला तर आठ दिस मागं पडतो आमी. सराव काय, उद्या केला तरी डोंगर तितंच हाय.”

वासंतीनं बांधावर उभं राहून बघितलं. चिखलात वाकलेल्या बायका, मागून आणलेले बैल, आणि तिच्या हातात एकशे बारा पट्टे. आता यावर गावकीनं काय तोड काढली असेल? एकशे बारा पट्टे खताच्या गोणीत घातले, गोणी भागोजीनं मोटरसायकलीला बांधली, वाडीखालचा ओढा, म्हणजे पऱ्या, ओलांडून खालच्या शाळेतल्या निवारा केंद्रात नेली. अडतीस मिनिटं लागली, तीही वाटेत पेट्रोल भरायला थांबला म्हणून. वासंती पोट धरून हसली. मोठी बाई तशी भोळी नव्हती. सगळी माणसं एकाच वेगानं कशी काय गेली, असा प्रश्न तिनं पडद्यावर टाकला. वासंतीनं खाली लिहिलं, लोक शिस्तीत चालले. आणि सही केली.

पंधरा दिवसांनी टेपवाडीला ‘आदर्श वाडी’चं प्रमाणपत्र आलं. भागोजीनं ते देवळात लावलं. कमी मिनिटं म्हणजे शाबासकी, हे शाळेतल्या धावण्याच्या शर्यतीपासून आपल्या अंगात भिनलेलं असतं. कमी मिनिटं म्हणजे रांगेत शेवटी, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

त्याच दिवशी पलीकडच्या गवळकोंडात सराव अगदी सांगितला तसा झाला. ही वाडी दुसऱ्या संस्थेकडं होती. तिथली सुलोचना आखाडे प्रशिक्षणात पहिल्या रांगेत बसायची आणि न कळलेलं चारचौघांत विचारायची, त्यामुळं वासंतीला ती चांगली ठाऊक होती. सुलोचनानं शहाऐंशी माणसं चिखलातून खाली आणली. तिची सासू अंथरुणाला खिळलेली. तिला डोलीत घालून सुलोचनाच्या नवऱ्यानं आणि आणखी तिघांनी केंद्रापर्यंत नेलं. एक तास पन्नास मिनिटं लागली. लावणी त्यांचीही खोळंबली होती. त्यांना कुणी प्रमाणपत्र दिलं नाही.

ऑगस्टच्या एकवीस तारखेला सकाळी नऊ वाजता मोठी बाई बोलली. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. तिनं नेहमीच्याच आवाजात सांगितलं, की एकोणीस उतारांवर हालचाल आहे, दुपारी चार ते रात्री आठ या वेळात त्यांतले काही जातील, कोणते ते आत्ता सांगता येणार नाही. पाठोपाठ पडद्यावर यादी आली. गवळकोंड आठवं, त्यांचा ट्रक आणि एसटी निघालीसुद्धा. टेपवाडी एकोणिसावी. गाडी पोहोचणार दुपारी अडीच वाजता.

वासंतीनं यादी पुन्हा वाचली, मग पुढचा आकडा वाचला, अडतीस मिनिटं, आणि सगळं तिच्या ध्यानात आलं. ती व्हरांड्यात गेली आणि भागोजीला फोन लावला. भागोजी निवांत होता. आमचा नंबर अडीचला आहे, बाईचा निरोप आलाय, म्हणाला. तिनं सांगितलं, आत्ताच्या आत्ता पायी निघा. तो म्हणाला, पऱ्या छातीच्या वर चढलाय, उंच ट्रकाशिवाय माणूस पलीकडं जायचा नाही. मग तिनं विचारलं, की सगळ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना धरून, ट्रकाच्या खेपा करत, खरोखर किती वेळ लागेल?

“चार तास. कमी नाय, ताई.”

अडीच आणि चार, साडेसहा. वासंती सरळ मुकादमांच्या टेबलापाशी गेली आणि गोणीची सगळी हकिगत सांगून मोकळी झाली. मुकादमांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते रागावले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं. त्यांनी आधी दार लोटलं, मग ओळखीच्या एका ट्रकवाल्याला फोन केला, गुपचूप टेपवाडीकडं वळ म्हणून. ट्रकवाला म्हणाला, साहेब, वळतो की, पण दांडा कोण उचलणार? नाक्यावरच्या पोलिसाच्याही हातात काही नव्हतं. भांडणं होऊ नयेत म्हणून या दोघांनीच तर चार वर्षांपूर्वी तसा आग्रह धरला होता.

आता उरला होता सरळ रस्ता, आकडा दुरुस्त करायचा. मुकादमांनी तिला नियम वाचून दाखवला. एखाद्या सहीचा एक आकडा खोटा निघाला, तर त्या सहीचे सगळेच आकडे बाद होतात, आणि त्या वाड्यांना सरसकट चार तास धरले जातात. म्हणजे वासंतीच्या अकराही वाड्यांना, कारण सही सगळीकडं तिचीच होती. त्यांतल्या दहा ठिकाणचा सराव चोख झाला होता, पण ते यंत्राला कुठून कळणार? त्यांनी नवी यादी नुसती मांडून बघितली. यंत्राला चार सेकंदही लागले नाहीत. टेपवाडी तिसरी आली. आणि गवळकोंड, ज्यांचा आकडा खरा होता, दुसऱ्याच्या सहीचा होता, म्हणून विश्वासाचा होता, ते एक तास पन्नास मिनिटांचं गवळकोंड एकोणिसाव्या जागी जाऊन बसलं.

“कुणीतरी शेवटी जाणारच, वासंतीताई,” मुकादम म्हणाले. “तुम्ही फक्त कोण, ते सांगताय.”

तिनं यंत्राला विचारलं, गवळकोंडाचं काय होईल? मोठी बाई म्हणाली, गाड्या दोन वीसला पोहोचतील, चार दहापर्यंत वाडी रिकामी होईल, धोका स्वीकारार्ह आहे. स्वीकारार्ह. वासंतीनं तो शब्द घट्ट धरून ठेवला. दहाच मिनिटांचा तर प्रश्न आहे, तिनं स्वतःला बजावलं. तिच्या डोळ्यांपुढं अनसूया होती, तिचा आखडलेला गुडघा, पऱ्याचं पाणी. मध्येच सुलोचनाचा चेहरा येऊ बघत होता, तो तिनं येऊ दिला नाही. बाईमाणूस आहे, हुशार आहे, करेल नीट, असं म्हणून तिनं पडद्यावर अंगठा ठेवला.

गवळकोंडात साडेनऊलाच सगळी माणसं देवळापुढच्या अंगणात गोळा झाली होती. सासू डोलीत, गुरं सोडून दिलेली, पोरांच्या गळ्यात नावांच्या चिठ्ठ्या. लाल एसटी खालच्या वळणावर दिसली तेव्हा सुलोचनानं नावं वाचायला सुरुवात केली. मग एसटी वळणावर थांबली, मागं-पुढं झाली आणि आली तशी निघून गेली. ट्रकही गेला. पाठोपाठ निरोप आला, आपली वेळ दोन वीस. माणसं तासभर पावसात उभी राहिली. मग कुणी चूल पेटवायला गेलं, कुणी गुरं शोधायला. सासूला पुन्हा घरात नेऊन निजवलं.

टेपवाडी पावणेतीनला पूर्ण रिकामी झाली. खरोखरच चार तासांच्या वर गेलं. पऱ्यातून ट्रकानं सात खेपा केल्या. भागोजीचा फोन आला तेव्हा वासंती खुर्चीत बसून रडली. गवळकोंडाच्या गाड्या ठरल्या वेळेला पोहोचल्या होत्या. सुलोचना माणसं उतरवत होती, वेळ सरावासारखीच लागत होती, एका मिनिटाचा फरक नव्हता. तिला पोराबाळांबरोबर पुढं पाठवलं होतं. नवरा मागून डोली घेऊन येत होता.

तीन चाळीसला गवळकोंडाचा उतार गेला. एकोणसत्तर माणसं खाली आली होती. सतरा वाटेत होती. त्यांत म्हातारी होती, डोली होती आणि डोली उचलणारे चौघे होते.

त्या दिवशी एकूण तीन उतार गेले. दोन रिकाम्या वाड्यांवरचे. टेपवाडीचा डोंगर हललासुद्धा नाही. पाचव्या दिवशी माणसं घरी परतली. भात छान पोसवलं होतं. अनसूयानं निरोप पाठवला, ताई, तुमच्यामुळं वाचलो, जेवायला या. वासंती गेली नाही.

चौकशी झाली. तिथं वासंतीनं काहीएक लपवलं नाही, गोणी, मोटरसायकल, सही, सगळं सांगितलं. शिक्षा झाली असती तर तिला बरं वाटलं असतं. पण अहवाल आला तो असा: उतार अंदाजाच्या आधी वीस मिनिटं गेला, आणि एवढ्या फरकाला नियमात जागा आहे. चुकीची माहिती संबंधित संस्थेनं वेळेत दुरुस्त केली, हे कौतुकास्पद आहे. यंत्रणा नसती तर किमान दीडशे माणसं गेली असती, गेली सतराच. हा आकडा पुढं दिल्लीत बऱ्याच भाषणांत आला आणि आणखी सहा राज्यांनी समन्वय मागून घेतलं. मुकादमांनी दुसऱ्या जिल्ह्यात बदली मागितली. निघताना ते वासंतीला भेटायला आले, दोघांनी एकत्र डबा खाल्ला, आणि मग ते गेले.

सुलोचनाला मात्र अहवालातलं काहीच कुणी सांगितलं नव्हतं. ते वासंतीनंच सांगितलं. गवळकोंडाची माणसं तेव्हा खालच्या शाळेत राहत होती. वासंती तिच्यापुढं खाली बसली आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोलली, मध्ये थांबली असती तर पुढं बोलता आलं नसतं. सुलोचना तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, की म्हणजे आम्ही सराव नीट केला म्हणून आमची गाडी मागं गेली का?

वासंती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? मला माफ कर, असं म्हणायचं तिनं वाटेत ठरवलं होतं. सुलोचनानं सूप उचललं आणि ती आत गेली.

पुढच्या पावसाळ्यात सरावाची तारीख पुन्हा दिल्लीहून आली. गवळकोंडाच्या माणसांना दुसऱ्या एका डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याच्या शेड बांधून दिल्या होत्या, आणि वाटणी बदलल्यामुळं ही वस्ती आता हातभारकडं आली होती. आपण जायचं नाही, असं वासंतीनं दोनदा ठरवलं. पण जाणारं दुसरं कोण होतं?

शेडपासून निवारा केंद्र चांगल्या रस्त्यानं पंचवीस मिनिटांवर होतं. नऊ वाजता भोंगा झाला. माणसांनी पट्टे बांधून घेतले, शेडमधून बाहेर आली, आणि रस्त्याकडेच्या मोऱ्यांच्या कठड्यावर ओळीनं बसली. कुणी तंबाखू मळली. कुणी लेकराला पाजायला घेतलं. दहा वाजले, अकरा वाजले. कुणी हसत नव्हतं, भांडत नव्हतं. वासंती रस्त्यात उभी होती. इतर वाड्यांवर भोंगा पहाटे सहालाच झाला होता, आणि तिच्या फोनवर त्यांचे आकडे येत होते. तीन तास पन्नास. चार तास. चार तास पाच. रांगेचं गणित आता सगळ्या तालुक्याला कळलं होतं.

ते तिलाही कळत होतं. सगळ्यांनाच चार तास लागतात म्हटल्यावर मोठ्या बाईला कुणाचंच काही कळणार नव्हतं. येत्या पावसात पुन्हा एकोणीस उतार हलतील, पुन्हा चौदा गाड्या निघतील, आणि कुठल्यातरी खऱ्याच अडलेल्या वाडीत म्हातारी माणसं डोलीत बसून वाट बघत राहतील. हे सगळं या माणसांपुढं बोलायला हवं होतं. चोवीस वर्षांत ती असल्या प्रसंगी कधी गप्प बसली नव्हती.

सुलोचना कठड्यावर शेवटी बसली होती. वर्षभरात ती बरीच वाळली होती. तिनं वासंतीकडं सरळ बघितलं.

“टेपवाडीचे किती झाले, ताई?”

वासंतीनं फोन बघितला. “चार तास दहा.”

“मग आमी उठू का आता?”

वासंतीनं घड्याळात बघितलं. सव्वाबारा वाजले होते. आत्ता माणसं उठली असती, तर एक वाजायच्या आत, म्हणजे चार तास भरायच्या आधीच पोहोचली असती, सावकाश चालूनसुद्धा.

“बसा,” ती म्हणाली. “अजून तासभर बसा.”